बोल्टाखालचा निळा रंग

"उद्या सकाळी भंगारवाला येतोय. जीप देऊन टाकू," आसारामकाका म्हणाले आणि चहा घेऊन आत गेले.

दिवाळीची सुट्टी नुकतीच लागली होती. शेवगावजवळच्या वस्तीवर, गोठ्यापुढं रोहिणीच्या वडिलांची जुनी जीप उभी होती. वडील श्रावणात गेले. तेव्हापासून रोहिणीला ना रडू येत होतं, ना हसू. आत्ताही काहीच वाटलं नाही. चुलतभाऊ अजिनाथचं तोंड मात्र एवढंसं झालं.

"ताई, दसऱ्यापासनं दोनदा स्टार्टर बदलला, बॅटरी नवी घातली. तरी चावी फिरवली की नुसतं टक्. ढकलली की मात्र लगेच सुरू. असं कसं?"

"म्हणजे इंजिन ठणठणीत आहे," रोहिणी म्हणाली.

"आन् मेस्त्रीच्या टेबलावर स्टार्टर बी गरागरा फिरतो. मी बघितलंय," शेजारची मोनिका म्हणाली. "त्यानं गाडीत डोकं घातलंच न्हाई. लई आळशी हाय."

मग चोर मधेच, बॅटरी आणि स्टार्टरच्या वायरींत कुठंतरी होता! अजिनाथ चावी फिरवत राहिला, दोघी वायरी चाचपत राहिल्या. पाच-सहा वेळा टक् झालं आणि मोनिकानं हात झटकला.

"हा बोल्ट तापलाय गं."

बॅटरीची अर्थिंगची जाड वायर तिथंच चासीला, गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, आवळलेली होती. पान्यानं बोल्ट काढला, तर खाली चकचकीत निळा रंग.

रोहिणी बघतच राहिली. दसऱ्याच्या पूजेआधी वडील जीप घरीच रंगवत, पण त्या बोल्टाखाली रुपयाएवढी जागा कोरी सोडत. यंदा तिनं एकटीनं रंगवली. ती जागा पप्पांकडून राहून गेली असेल असं समजून तिनं बोल्ट काढून तिथं चांगले दोन हात मारले होते. रंगातून पुरेशी वीज जाणार कशी?

"घोळ मीच घातलाय," ती सपाट आवाजात म्हणाली.

"मग खरवड की," म्हणत अजिनाथनं पॉलिशपेपर पुढं केला.

लोखंड उघडं पडेपर्यंत तिनं घासलं. बोल्ट आवळला. मग काकांना हाक मारली. "काका, चावी तुम्हीच मारा."

काकांनी मारली. जीप एका दमात सुरू झाली!

"आमी नुसते स्टार्टर बदलत बसलो," काका ओशाळून म्हणाले. "शाब्बास रे पोरांनो. आता जीप कुठं जात न्हाई."

आवाज ऐकून रोहिणीची आई पिठाच्या हातांनी दारात आली. "पप्पा असते तर गावभर सांगत फिरले असते," ती लेकीला म्हणाली.

रोहिणी काहीतरी बोलायला गेली आणि तिला एकदम रडू फुटलं. श्रावणानंतर पहिल्यांदाच. आईनं तिला तशाच हातांनी जवळ घेतलं. काकांनी जीप बंद केली नाही, चालूच ठेवली.