चार बोटं उंच

बाबांच्या काठीचं टोक तुटलं म्हणून ती सुताराच्या दुकानात शिरली आणि काठीचं विसरूनच गेली. समोर एक सोफा होता. बुटका, सडपातळ, फिकट लाकडाचा. ना नक्षी, ना चकाकी.

"खिळे कुठं लपवलेत?" तिनं वाकून विचारलं.

"एकही नाही," तरुण मिस्त्री हातावरचा भुसा झटकत म्हणाला. "जपानी सुतारांची रीत. याच्या खाचेत त्याचं टोक, वरून एक पाचर. लाकूडच लाकडाला धरतं. मध्ये तिसरं कुणी लागत नाही."

"खिळासुद्धा नाही?"

"खिळा तर मुळीच नाही, मॅडम."

तो हसला… आणि तिला उगाचच काठीकडे बघावंसं वाटलं.

सोफा घरी आला. आयुष्यभर वर्गात उभं राहून शिकवत आलेले बाबा त्यावर बसले, लाकडावर हात फिरवून "वा!" म्हणाले. पण उठता येईना. तिनं हात पुढे केला, तर त्यांनी तोंड फिरवलं. त्यांच्या पायांतली ताकद ओसरत चालली होती, डॉक्टरांनी हात टेकले होते. आपलं आपण उठणं, एवढंच त्यांनी हट्टानं जपलं होतं.

तिनं कळवताच मिस्त्री धावत आला. "चुकलं, सर. खोलीचं माप घेतलं, तुमचं राहिलं."

त्यानं बाबांचा गुडघा मापला, पाचरी ठोकून काढल्या, जुने पाय उतरवून त्यांच्याहून चार बोटं उंच पाय बसवले. बाबा उठले. एकटे!

"मिस्त्री, पास!" ते म्हणाले.

दोन महिन्यांनी पुन्हा चार बोटं.

"तुमचा सोफा वाढत्या वयाचा आहे," तो चहा पिताना म्हणाला.

"आणि मिस्त्री? कामाशिवाय फिरकत नाहीत वाटतं?"

"चहा मिळाला तर फिरकतील."

ती हसली — पण अर्धवटच. सोफा चढला की बाबा उतरतात, हे दोघांनाही कळत होतं.

तिसऱ्यांदा तो पाय घेऊन आला तेव्हा बाबा अंथरुणाला खिळले होते.

"आता नको रे," ते हळूच म्हणाले. "आता हिचं माप घे."

आठवड्यात ते गेले.

महिन्याभरानं मिस्त्री दारात उभा राहिला. ती त्या उंच सोफ्यावर बसली होती. टाचा अधांतरी.

"पाय टेकत नाहीत तुमचे."

"कुठंच टेकत नाहीत."

त्यानं पिशवीतून पहिले, बुटके पाय काढले. टाकले नव्हते त्यानं. पाचरी सैल झाल्या, सोफा आठ बोटं खाली आला.

"बसून बघा, मॅडम."

"एकटीला कसं कळणार माप?"

तो संकोचून शेजारी टेकला.

"आणि मॅडम म्हणू नका."

"मग… काय म्हणू?"

"रोज याल, तर सुचेल."

"येईन," तो म्हणाला. "चहा नसला तरी."

ती हसली. आणि मग, बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच, रडली — दोन्ही पाय जमिनीवर घट्ट टेकवून.