बुडबुडा एक, गारवा एक

वागळे इस्टेटमध्ये आमची कंपनी पॅकिंग मशिनचे गिअरबॉक्स बनवते. बाहेरून दिसते ती पत्र्याची लांबट शेड, अर्धं उघडं शटर आणि फाटकाशी वडापावची गाडी. मी इथे पहिल्या वर्षाची अ‍ॅप्रेंटिस. राहते शहाडला. मेकॅनिकलची पदवी घेऊन आले आणि सुरुवातीचे कित्येक आठवडे एक लोखंडी ठोकळा कानशीने घासत बसले. ठोकळा शेवटी काटकोनात आला. फोरमन तानाजीमामांनी तो उजेडासमोर धरला, गुण्या लावून पाहिला आणि म्हणाले, "छान झालाय. पेपरवेट म्हणून वापर."

तानाजीमामा बाराही महिने हाताने विणलेला मरून स्वेटर घालतात. मे महिन्यात पत्रा तापतो, मशिनवर हात ठेवला तरी चटका बसतो, तेव्हाही. त्यांच्या टेबलाचा कोपरा मात्र कायम गार असतो, म्हणून सगळे डबा तिथेच खातात. मी एकदा थर्मामीटर लावून पाहिला होता. बाकी शेडपेक्षा पारा बराच खाली होता. हवेचा झोत कुठून येतो ते मी शोधलं. सापडला नाही, पण असणारच, असं मानून मी विषय सोडला.

माझ्याबरोबर दुसरा अ‍ॅप्रेंटिस विनीत, डोंबिवलीचा. महिनाअखेर आमच्यातला एकच मशीन शॉपमध्ये राहणार होता. दुसऱ्याने पॅकिंगला जाऊन खोक्यांना चिकटपट्ट्या लावायच्या. मला मशीन शॉप हवं होतं. चिकटपट्टी लावायला चार वर्षं शिकले नव्हते.

मामांची अट एकच होती. आम्हा प्रत्येकाला नंबर ठोकलेली पितळी टोकनं मिळालेली. स्टोअरमधून हत्यार घेताना टोकन द्यायचं, हत्यार परत केलं की टोकन परत. शनिवारी मामा टोकनं तपासणार होते. "ज्याला स्वतःचं टोकन सांभाळता येत नाही, त्याच्या हातात मी ग्राइंडर देत नाही," ते म्हणाले.

त्या सोमवारी जेवायच्या सुट्टीआधी मामांनी कपाटातून एक जुनी दहा इंची लेव्हल काढली. लेव्हलच्या काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध थांबला की जागा समपातळीत. हिच्या नळीत स्पिरिट काठोकाठ होतं, बुडबुडा नव्हताच.

"समीक्षा, हिचा बुडबुडा संपलाय. स्टोअरमधून नवा आण."

मागे फिटर धम्मपालदादा एकदम खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागले. त्यांच्या बुटांना नाड्या नाहीत.

नव्या पोरांची अशी गंमत करायची रीत मला माहीत होती. विनीतला आदल्या आठवड्यात पिशवीभर कंप्रेस्ड हवा आणायला पाठवलेलं, आणि तो दोन पिशव्या घेऊन गेलेला. पण मामांना नाही म्हणण्यापेक्षा स्टोअरच्या शालनताईंशी दोन मिनिटं बोलून येणं सोपं होतं.

त्यांच्या खिडकीवर 'जेवायला' अशी पाटी होती. भिंतीच्या टोकाला आणखी एक लाकडी खिडकी आहे. ती मी कायम बंद पाहिलेली, आज अर्धी उघडी होती. आत अंधार. फळीवर एक हात टेकलेला होता, कोपरापर्यंत उघडा, घामाने चमकणारा.

"काय पाहिजे?"

"बुडबुडा," मी म्हणाले. माझा चेहरा गंभीर राहिला याचा मला अभिमान वाटला.

"केवढा?"

"दहा इंची लेव्हलचा."

"टोकन."

मी टोकन दिलं. बऱ्याच वेळाने फळीवर बूच लावलेली करंगळीएवढी बाटली आली. रिकामी.

"परत करायचा असतो," आतला आवाज म्हणाला. "बाकीच्यांसारखं करू नको."

मी बाटली घेऊन आले तेव्हा शॉपमध्ये हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली होती. धम्मपालदादांनी बूच काढून बाटली लेव्हलच्या नळीवर उपडी केली, चिमटीत धरून शेवटचा थेंबही झटकला. "घे, भरला. अजून लागला तर सांग गं, डझनाने मागवू."

मामा मात्र हसले नाहीत. ते स्वेटरच्या बाह्या खाली ओढत म्हणाले, "कुठल्या खिडकीतून घेतलास?"

"टोकाच्या."

त्यांनी डबा बंद केला. अर्धी भाकरी आतच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेव्हलमध्ये बुडबुडा होता.

उष्णतेने स्पिरिट प्रसरण पावतं, बुडबुडा आकसतो. रात्री गार झालं की परत दिसतो. मी हे विनीतला समजावून सांगितलं. त्याला पटलं. मलाही साधारण पटलं.

मग मी ती लेव्हल ग्रॅनाइटच्या सरफेस प्लेटवर ठेवली. नव्या लेव्हलप्रमाणे प्लेट बरोबर समपातळीत होती. जुनीतला बुडबुडा मात्र एका टोकाला जाऊन चिकटला. लेव्हल बिघडली असेल तर तिची टोकं अदलाबदल करून ठेवल्यावर बुडबुडा तिच्याबरोबर फिरून समोरच्या बाजूला जायला हवा. मी फिरवली. तो नळीतून सावकाश चालत आला आणि शेडच्या त्याच बाजूला थांबला. मी लेव्हल लेथवर ठेवली, जमिनीवर ठेवली, शेवटी कँटीनच्या टेबलावर ठेवली. कुठूनही तो टोकाच्या खिडकीकडेच जात होता.

"अरे, बुडबुड्याला घरची आठवण येते वाटतं," विनीत म्हणाला. मी हसले नाही, कारण माझं टोकन तिकडे होतं.

ते मागायला मी शालनताईंकडे गेले.

"कुठली खिडकी?" त्या म्हणाल्या. "अगं, ती बाहेरूनच आहे. आत माझं ड्रिलचं रॅक आहे, मागे सरळ भिंत. ये, बघ."

मी आत जाऊन पाहिलं. भिंत होती. तिच्यावर मागच्या वर्षीचं कॅलेंडर होतं.

"मी काय इथे बसून बुडबुडे वाटते?" शालनताई म्हणाल्या. "त्या तानाजीला सांग, दरवर्षी एकेक पोर पाठवतो, कामधंदे नाहीत का?"

बाहेरून खिडकीला कुलूप होतं. फळ्यांवर ऑइलपेंटचे जाड थर बसलेले, फटी बुजलेल्या. बुधवारी कुलूप, गुरुवारी कुलूप.

शुक्रवारी जेवायच्या सुट्टीत मी लेव्हल घेऊन गेले. दुसरं काही सुचत नव्हतं. ती मी खिडकीबाहेरच्या फळीवर ठेवली.

बुडबुडा निघाला आणि दोन रेघांच्या बरोबर मध्ये थांबला. मग तो नाहीसा झाला आणि नळी काठोकाठ भरली.

मी मान वर केली. खिडकी वीतभर उघडी होती.

घामेजल्या हाताने माझं टोकन फळीवर ठेवलं. ते कोमट होतं.

"तानाजीचा गारवा एक," आवाज म्हणाला. "कधी आणतोय?"

"मला माहीत नाही."

"त्याला सांग, इथे फार उकडतंय."

मी मामांच्या टेबलाशी गेले, टोकन पुढे ठेवलं आणि निरोप जसाच्या तसा सांगितला.

"उकडतंय म्हणाला?"

"हो."

"मी पहिल्या वर्षाला होतो," ते हळू म्हणाले. "मला बादलीभर गारवा आणायला पाठवलेलं. सगळे हसलेले. परत करायला गेलो तर कुलूप." त्यांनी टोकन माझ्याकडे सरकवलं. त्यांची बर्फासारखी गार बोटं माझ्या बोटांना लागली आणि मी हात मागे घेतला. "सांभाळलंस. तू इथेच राहशील. मघाशी गेलीस तेव्हा खिडकी उघडी होती ना?"

"मी आले तेव्हा तरी होती."

ते उठले. त्यांनी कोपऱ्यातली रिकामी बादली घेतली, तिच्यावर झाकण ठेवलं आणि दोन्ही हातांनी उचलून निघाले. दोनदा खाली टेकवून त्यांनी दम घेतला. धम्मपालदादांनी विचारलं, "मामा, काय आहे एवढं जड?" मामांनी बादली पुन्हा उचलली.

सोमवारी मामा अर्ध्या बाह्यांच्या शर्टात आले. कपाळावरून घाम निथळत होता आणि ते नव्या नवरदेवासारखे खूश होते. आल्या आल्या त्यांनी टेबलफॅनसाठी भांडण केलं. जेवताना सगळ्यांनी कुरकुर केली की कोपरा भट्टीसारखा तापलाय. विनीत पॅकिंगला गेला आणि तिथे एसी आहे हे कळल्यावर त्याने मला तसा मेसेज केला.

"मामा, स्वेटर कुठाय?" मी विचारलं.

"मागितला त्याने," मामा म्हणाले आणि फॅनचा वेग वाढवला.

हात धुवायला जाताना मी टोकाच्या खिडकीपाशी थांबले. पत्रा तापून कडकड वाजत होता. कुलपावर मात्र दव जमलं होतं. एक थेंब ओघळून खाली पडला. रंगाने बुजलेल्या दोन फळ्यांच्या मधून मरून लोकरीचा एक धागा बाहेर लोंबत होता.

मी बघत होते, तेव्हाच तो बोटभर आत गेला. मग थोडा थांबून, दुसरी बाही घालावी तसा, उरलेला.