टाचेचे तीन ठोके

सरका जवळ, पोरांनो. मी स्वतः पाहिलेलं नाही, पण ज्याने पाहिलं तो माझा जिवाभावाचा मित्र. त्याला थापा मारता आल्या असत्या तर त्याच्या धंद्यात त्याने बंगला बांधला असता.

घरांची किंमत ठरवून देणं हे त्याचं काम. खिशात कायम मोजपट्टी, म्हणून आम्ही त्याला टेप म्हणायचो. गेल्या डिसेंबरातला दुसरा गुरुवार. रात्री नऊच्या सुमाराला तो छापखान्यात काम करणाऱ्या एका पोराच्या घरी गेला. पोरगा कामावरून तेव्हाच घरी यायचा.

त्याची आई तळघरात शिवणकाम करायची. पाय गेले तशी झोपायचीही तिथेच. ती जाऊन वर्ष झालं होतं. पोराने तळघर नवंकोरं करून घेतलं. ओल काढली, फरशी बदलली, छत स्वतः घासून पांढरं केलं. घर विकायचं होतं त्याला.

"काका, किती चढली किंमत?"

"चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! तळघरात शंभर घातलेस तर साठ परत येतात, बाळा. उरलेले जमीन गिळते."

"साठ तर साठ. मला या घरात झोप लागत नाही हो."

टेपला वाईट वाटलं. पण काम ते काम. दोघं उभे होते ती तळघरावरची खोली. तिची फरशी पोकळ आहे का, ते बघायची त्याची एक रीत होती. टाच आपटायची आणि कान द्यायचा. त्याने आपटली.

ठप. ठप. ठप.

पोरगा पांढराफटक पडला.

"काका… हे काय केलंत?"

"का रे?"



आणि खालून आवाज आला. ठक… छताला काठी लावावी तसा.

"गवंडी आहे का खाली?"

"नाही. कुलूप आहे."

ठक… ठक…

पोरगा फरशीकडे बघत म्हणाला, "आईला काही लागलं की ती काठीने छत वाजवायची. मी वरून तीनदा टाच मारायचो. म्हणजे, आलो. त्या रात्री तिने वाजवलं. मी टाच मारली. आणि… डोळा लागला माझा, काका. सकाळी गेलो, तर…"

ठक…

"ती अजून वाट बघतेय."

"मग जा," टेप म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना.

पोराने आईसाठी पेलाभर पाणी घेतलं. गेला. कुलूप वाजलं. पायऱ्या वाजल्या. मग हुंदके… बाप्या माणसाचे नव्हेत. लहान मुलाचे.

मग तेही थांबले.

टेप जागचा हलला नाही. पाय उचलायची भीती वाटत होती.

बऱ्याच वेळाने पोरगा वर आला. "कोणी नव्हतं," म्हणाला. "आता झोप लागेल मला."

टेपने दिव्याच्या उजेडात त्याच्याकडे पाहिलं… खाली गेला तेव्हा त्याचे केस पिंजारलेले होते, छापखान्यातल्या कागदाच्या धुळीने माखलेले. आता स्वच्छ होते. ओले. एका बाजूला भांग पाडून चापूनचोपून बसवलेले. शाळेत पाठवायच्या पोराचे बसवतात ना… तसे.

तळघरात अजून काहीच सामान आलं नव्हतं. आरसा नाही. फणी नाही.