माग कुणी घेतला

दिवा राहू दे, पण ते फोन उलटे ठेवा. खालून उजेड पडला की तुम्ही सगळेच भुतासारखे दिसता, मग माझ्या गोष्टीला कोण भिणार?

माझा साडू तुम्हाला ठाऊक आहे, शंक्या. खरं नाव वेगळंच, पण चहात साखर कमी पडली तरी त्यात चहावाल्याचा काहीतरी डाव दिसतो त्याला, म्हणून शंक्या. गेल्या वर्षी जानेवारीतल्या शेवटच्या शनिवारी तो वडिलांना घेऊन कापड गिरणीच्या संग्रहालयात गेला होता. बंद पडलेल्या गिरणीचंच संग्रहालय केलंय, शनिवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं. तात्यांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, तिथे उभं आयुष्य माग चालवला. गिरणी बंद झाल्यापासून तिचं नावही काढलं नव्हतं, आणि त्या संध्याकाळी एकाएकी म्हणाले, मला तिथे ने. झालं, शंक्याच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. म्हातारा कुणाला भेटायला निघालाय?

काचेच्या पेट्यांत आडवा धागा नेणारे धोटे, भिंतींवर फोटो, आणि शेवटच्या दालनात मागांची रांग. पट्टे काढलेले, मोटारी केव्हाच विकलेल्या. पहारेकऱ्यानं बटण दाबलं की रेकॉर्ड केलेला खडखडाट सुरू व्हायचा, एवढीच करामत.

आता एक समजून घ्या. मागांच्या आवाजात बोललेलं ऐकू जात नसे, म्हणून ही माणसं नुसते ओठ हलवून बोलायची. तात्या घरीही तसंच बोलत, त्यामुळे शंक्याला ओठ वाचता येतात. पाळी सुटताना जुना माणूस नव्याला ओठांनीच विचारायचा, 'घेतोस?' नव्यानं मान हलवून मागावर हात ठेवला की माग त्याचा. तोवर जुन्यानं जागा सोडायची नाही, मग पोटात कितीही कावळे ओरडू देत.

खडखडाट सुरू झाला. तात्या कोपऱ्यातल्या मागापाशी थांबले. समोर कुणी नव्हतं. ते मात्र मान वर करून बघत होते, उंच माणसाकडे बघावं तसे. मग त्यांनी मान हलवली आणि मागावर हात ठेवला.

शंक्याला वाटलं, हे नाटक आहे. पहारेकरी आणि म्हातारा मिळून काहीतरी... त्यानं वळून पाहिलं. पहारेकरी दाराशी जांभया देत होता.

नऊ वाजले. बटण बंद झालं. तात्या हलेनात. शंक्यानं दंड धरून ओढलं. काडीसारखा म्हातारा, पण तसूभर सरकला नाही. त्यांना जास्त वेळ उभं राहू देऊ नका, असं डॉक्टरनं बजावलं होतं. पाय थरथरत होते. ओठ निळे पडत चालले होते.

"तात्या, घरी चला."

"कसा येऊ? दुसरा आला नाही अजून."

शंक्याची पाचावर धारण बसली. बाप डोळ्यांदेखत जाणार. तो समोर जाऊन उभा राहिला. तात्यांचे ओठ हलले. आवाज नाही.

घेतोस?

शंक्यानं मान हलवली. मागावर हात ठेवला.

म्हाताऱ्याची समजूत काढायला हो. दुसरं काही नाही.

तात्या लगेच सुटले. ताठ चालत दारापर्यंत गेले. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. आणि शंक्याच्या हाताखाली माग... हादरत होता. पट्टा नाही. मोटार नाही.

दोघं घरी आले. तात्या तेव्हापासून ठणठणीत आहेत. पण माझ्या मेहुणीला रोज सकाळी नवऱ्याच्या पापण्यांवर कापसाचे बारीक तंतू दिसायला लागले, गिरणीतून पाळी करून आलेल्या माणसाच्या असायचे तसे. मग ती संशय घ्यायला लागली. हा रात्री जातो कुठे? तिनं आतून कुलूप लावलं, किल्ली उशाखाली घेतली. शंक्या रात्रभर जागचा हलला नाही. पहाटे फक्त... त्याचे ओठ हलले.

मी तिला सांगितलं, काही झालं तरी मान हलवू नकोस. ती डोळे मिटून पडून राहते. बिचारी.

पण त्यांची धाकटी त्याच खोलीत झोपते. सहा वर्षांची. बापाचं कुठलंच म्हणणं न मोडणारी.

परवा सकाळी मेहुणीचा फोन आला.

यांच्या पापण्या आज स्वच्छ आहेत, म्हणाली.

तंतू पोरीच्या पापण्यांवर होते.