नऊ वर्षं वजा

आमची ओळख झाली तेव्हा माझे डोळे मिटलेले होते आणि मी त्याच्यावर खेकसत होते.

"अगं, दार लाव आधी! बाहेरचा उजेड आत येतोय."

दार लागलं. मी खुर्चीत आडवी पडले होते आणि चेहऱ्यावर दिवा लुकलुकत होता. मिटलेल्या पापण्यांआड केशरी रंग पसरला, मग मोरपंखी, मग नुसत्या सरकत्या जाळ्या... आमच्या दीर्घायुष्य केंद्रात रोज सकाळी पहिला माणूस येण्याआधी ऑपरेटरने स्वतः दहा मिनिटं या दिव्याखाली पडायचं, असा नियम आहे. ऑपरेटर म्हणजे मी. आत आली ती आमची रिसेप्शनवाली, असं मी धरून चालले होते.

"लावलं," एक पुरुषी आवाज म्हणाला. "आणखी काही हुकूम?"

आता आली का पंचाईत! मध्येच डोळे उघडले तर चाचणी पहिल्यापासून करावी लागते.

"कोण आहे?"

"दिवे मोजायला आलोय. किती वेळ लागेल?"

"चार मिनिटं. थांबा तिथेच."

"थांबतो... पण तुम्ही हसताय का?"

"दिव्यामुळे."

"दिव्याने एवढं हसू येत असेल तर तो जास्तच तेज झालाय. तक्रार नोंदवावी लागेल."

चार मिनिटं मी त्याचा नुसता आवाज ऐकला. डोळे उघडले तर समोर एक उंच, चष्मेवाला माणूस... कानावर पेन्सिल खोचलेली, हातात प्रकाश मोजायचं मीटर. आवाजाला शोभेल असाच होता, आणि मला त्याचा उगीचच राग आला.

आमच्याकडे सगळे त्याला मीटरच म्हणायला लागले. खरं तर दिवे महिन्यातून एकदा मोजायचे असतात. दुसऱ्या महिन्यात मीटर चार वेळा आला.

"या दिव्यात काही बिघाड आहे का?" मी विचारलं.

"दिव्यात नाही," तो वाकून मीटरमध्ये बघत म्हणाला. त्याचे कान मात्र लाल झाले होते.

दिवेही म्हातारे होतात, हे मला त्याने सांगितलं. किती तास जळलाय, तो आकडा दिव्याच्या पाठीवर लिहावाच लागतो. "तिथे थापा चालत नाहीत," तो म्हणायचा. "त्याच्याखाली माणसाचे डोळे असतात." हे तो इतकं मनापासून बोलायचा की मी हातातलं काम विसरून ऐकत बसायची. पहिल्यांदा बाहेर कॉफी प्यायला गेलो तेव्हा मीही थापा मारल्या नाहीत.

"मी सदतीस."

"मी एकतीस."

"मग?"

"मग काय? साखर किती घालू?"

त्या क्षणी मी त्याच्या प्रेमात पडले. आढेवेढे न घेता सांगते, साफ पडले.

आमच्या डॉक्टर मॅडमना वयाचं भारी वेड. दहा मिनिटं झाली की यंत्र नाडी, त्वचा, डोळ्यांची बाहुली असं सगळं तपासतं आणि एक कागद बाहेर टाकतं. त्यावर 'शरीराचं वय' छापलेलं असतं. माझ्या कागदावर अठ्ठावीस आलं तेव्हा मॅडम हरखून गेल्या. माझा फोटो दर्शनी भिंतीवर लावायचा म्हणाल्या.

"लावा की. पण खाली अठ्ठावीस नाही, सदतीस लिहा."

"मग त्यात काय राहिलं?" मॅडमनी नाक मुरडलं आणि फोटोचा विषय संपला. दिव्याखाली पडलेल्या माणसाचे ताठरलेले खांदे हळूहळू सैल होतात, हे मी रोज बघते. त्याने वर्षं कमी होतात असं मात्र मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

मग एका शनिवारी दुपारी मीटर त्याच्या आईला घेऊन आला. मला बघायला! वेटिंग रूमच्या सोफ्यावर त्या अगदी ताठ बसल्या. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि समाधानाने हसल्या.

"तू अठ्ठावीसची ना? म्हणजे याच्याहून तीन वर्षांनी लहान. जोडा छान दिसेल."

मी त्याच्याकडे बघितलं. तो मीटरच्या बॅटरीचं झाकण उघडत होता आणि लावत होता.

"म्हणजे... रिपोर्टमध्ये तसंच आहे, आई," तो पुटपुटला.

मी गप्प बसले असते तर तिथल्या तिथे लग्न ठरलं असतं. पुरावा म्हणून कागद होता, त्यावर केंद्राचा शिक्का होता. आणि तो मला हवा होता हो, अगदी जिवापाड हवा होता! पण त्या नऊ वर्षांत मी बाबांना माझ्या हाताने भरवलं होतं आणि त्यांना शेवटचं पोचवलंही होतं. नोकरी सोड म्हणणाऱ्या माणसाशी ठरलेलं लग्न मोडलं होतं. एकटीने घर मांडलं, गाडी शिकले, हा दिवा शिकले. ती वर्षं वजा केली तर मागे उरणारी मुलगी मला ओळखीचीसुद्धा वाटली नसती.

"काकू, मला सदतीस पूर्ण झाली. अठ्ठावीस हा यंत्राचा अंदाज आहे."

काकूंचं हसू मावळलं. मी त्याच्याकडे वळले.

"आणि तू रे! दिव्याचा एक तास इकडचा तिकडे करत नाहीस. माझी नऊ वर्षं बरी गिळलीस?"

"मला वाटलं, आई नाही म्हणेल..."

"घाबरलास."

"...हो. घाबरलो."

काकू एकदम उठल्या. "तो दिवा कुठे आहे? आलेच आहे तर बघून जाते."

आता आत नेऊन मला चार शब्द सुनावणार, हे मी ओळखलं. सुनावू देत. मीही तयार होते.

पण त्या निमूट खुर्चीत आडव्या झाल्या आणि डोळे मिटले. जन्मसाल भरल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही, म्हणून मी विचारलं. त्यांनी सांगितलं. मी ते टाकलं आणि बटणाकडे हात नेला.

"थांब. खोड ते."

"का हो?"

"त्याच्या तीन वर्षं आधीचं घाल." डोळे मिटलेलेच होते. "याच्या बाबांपेक्षा मी दोन वर्षांनी मोठी. स्थळ हातचं जाऊ नये म्हणून माझ्या आईने मला त्यांच्याहून एक वर्षाने लहान सांगितलं. ते गेले, पण त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. लग्नाला पस्तीस वर्षं झाली. अजून वाढदिवसाला कोणी वय विचारलं की मी विषय बदलते बघ."

मी साल बदललं. त्यांचा हात खुर्चीच्या कडेला घट्ट आवळलेला होता, त्यावर माझा हात ठेवला.

"तुझ्या त्या शहाण्याला सांग," त्या म्हणाल्या, "आईची वयाला हरकत नाही. म्हणजे होती... मघापर्यंत होती."

"तुमचं तुम्ही सांगा, काकू. मी निरोप्या नाही."

"फटकळ आहेस गं!" त्या हसल्या. मी दिवा सुरू केला आणि बाहेर आले.

तो दाराशीच उभा होता. वेटिंग रूम तोवर भरली होती.

"आई काय म्हणाली?"

"तिचं ती सांगेल. तुझं काय ते बोल."

"चुकलो. पुन्हा असं होणार नाही."

"पुढे?"

"लग्न करशील माझ्याशी?"

"मी रागावले आहे."

"रागावलेलीच कर. राग जायची वाट बघत बसलो तर..."

"तर काय?"

"...तर तू अडतीसची होशील."

मला हसू फुटत होतं, ते मी दाबलं. एवढ्या स्वस्तात सोडणार नव्हते मी त्याला.

"आधी माझं वय सांग."

"सदतीस," तो हळूच म्हणाला.

"ऐकू नाही आलं."

"सदतीस!" तो ओरडला. रिसेप्शनवालीच्या हातात फोन तसाच राहिला. "ही सदतीस आणि मी एकतीस!"

"आणि मी बहात्तर!" सोफ्यावरचे एक आजोबा कोणी न विचारताच म्हणाले. शेजारच्या बाईंनी आपलंही सांगून टाकलं.

माझा राग अजून पुरता गेला नव्हता. तरी मी सगळ्यांच्या देखत त्याचा हात धरला आणि हो म्हणाले, तेही मोठ्याने.