भैंसाटेकरीला दोन मोटारसायकली

आम्ही निघालो होतो एका पोरीच्या हट्टाचा निकाल लावायला.

पोरगी म्हणजे माझी नात यशोधरा. तिला मोटारसायकलवरून लद्दाखला जायचं होतं. आई रडली, बापानं हात झटकले आणि शेवटी दोघांनी माझ्याकडं बोट दाखवलं. आमच्या घरी असंच चालतं. शिकलेले सगळे, पण निकाल मी द्यायचा.

मी म्हटलं, "बरगीच्या धरणापुढं जंगलात भैंसाटेकरी आहे. वाट सगळी दगडाची, मधी नाला. मले मागं बसवून तिथवर ने. जेवढे गेलो तेवढे साबूत परत आलो, तर जा तुझ्या लद्दाखले."

मला वाटलं होतं, घाबरेल. कशाची घाबरते! उलट हसली.

मी काही गाडीची वैरीण नाही. आमच्या गल्लीत दोन घरांत पोरांच्या फोटोंना हार आहेत, दोघंही गाडीवरून गेले. ते मी पाहिलंय. पण यशोधरा मझौलीच्या शाळेत शिकवायला जाते ती गाडीवरच. गाडी नसती तर ती आज घरी भाजी निवडत बसली असती. तेही मी पाहते. तराजूचं एक पारडं खाली जातं, मग दुसरं. मी अडाणी बाई, किती वेळ धरून बसू?

सोबत आला तिचा चुलतभाऊ अश्वजीत. "बहन अकेली कैसे जाएगी?" म्हणे. याची गाडी म्हशीएवढी जड. स्वतः आंघोळ करेल न करेल, गाडीला रोज आंघोळ! इकडच्या हिंदी मुलखात वाढलेला, मराठी त्याला समजते, बोलता येत नाही. समजते, असं आपलं आम्ही समजत होतो.

सकाळी बरगीच्या पुढं डांबरी रस्ता सोडला आणि जंगल सुरू झालं. पाऊस सरत आला होता. दोन्ही बाजूंना सागाची पानं हत्तीच्या कानाएवढी, मधून मधून कासाचं पांढरं गवत फुललेलं, आणि झाडांच्या फटीतून धरणाचं पाणी असं चमकायचं की वाटावं, कोणी परातच उन्हात ठेवलीय. मी पदर कमरेला खोचला होता, डोक्यावर हेल्मेट. हेल्मेटात माझा अंबाडा मावत नव्हता म्हणून पोरीनं वेणी घालून दिली होती. म्हातारपणी वेणी!

"हळू!" मी म्हणायची.

"आजी, बैल याच्यापेक्षा जोरात जातो व."

"जाऊ दे बैलाले. तू हळू चालव."

वाट चढू लागली. गोटे चाकाखालून सुटून सटासट उडायचे. एका वळणावर आडवं झाड पडलं होतं. अश्वजीतनं त्याच्या बाजूनं गाडी काढली, आरसा फुटला. पुढं चिखल लागला. मागचं चाक नाचायला लागलं. यशोधरेनं दोन्ही पाय खाली सोडले, गाडी बदकासारखी चालवत पार काढली. मी डोळे मिटले होते. उघडले तर पोरगी गात होती!

"काहून गाऊन राहिली? मरता मरता वाचलो ना!"

"म्हणूनच गाऊन राहिली."



दुपार व्हायच्या आत नाला आला. त्याच्या पलीकडं टेकरी उभी होती, खरंच बसलेल्या म्हशीसारखी, पाठ काळी, शिंगाच्या जागी दोन सुळके. बस, हा नाला ओलांडला की पोचलो! उतार फार तीव्र म्हणून यशोधरेनं मला वरच उतरवलं. मी एका खडकावर चढून उभी राहिले. तिथून खालचा रपटा दिसत होता. रपटा म्हणजे नाल्यावरचा सिमेंटचा रस्ता, पाणी वरून वाहतं असा. अश्वजीत झुडपांच्या आड, उतारावर गाडी चालू ठेवून थांबला होता. त्याला काही दिसत नव्हतं.

तो ओरडला, "आजी! रपटा दिख रहा है क्या? कैसा है?"

मी पाहिलं. मधला सिमेंटचा तुकडा धसला होता. हातभर खाली गेला होता, वरून गढूळ पाणी, म्हणून जवळून कळूच नये. मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "रपटा खाली गेला रे! खाली! खाली!"

गाडीचा आवाज. वर हेल्मेट. माझ्या एवढ्या वाक्यातला एकच शब्द त्याच्या कानात पोचला. आणि तो कान हिंदीचा!

खाली म्हणजे रिकामा. रपटा रिकामा आहे, ये बिनधास्त.

"ठीक है!" तो म्हणाला आणि सुटला.

"थांब! अरे थांब!"

पुढचं चाक खड्ड्यात गेलं. गाडी उलटली. पाणी उडालं. अश्वजीत दिसेना! मग डोकं वर आलं आणि त्याची किंकाळी आली. असली किंकाळी मी बाळंतिणीच्या खोलीतही ऐकली नाही.

मी उतार कशी उतरले, विचारू नका. अर्धी चालत, अर्धी बसून. यशोधरा आधीच पाण्यात होती. गाडी आडवी पडली होती, अश्वजीतचा पाय तिच्याखाली, आणि गाडीचं हँडल तुटक्या सिमेंटच्या कडेत अडकलेलं. अश्वजीत पाण्यात बसल्यासारखा, पाणी कमरेपर्यंत.

"उचल!"

दोघींनी जोर लावला. हलेना.

"पुन्हा!"

हलेना. माझ्या हातात आता जोर राहिला कुठं? या हातांनी मी हंडे उचलले, लाकडं फोडली, तीन पोरं वाढवली. त्या दिवशी एक लोखंड उचललं गेलं नाही.

तेव्हा यशोधरेनं नाल्याच्या वरच्या अंगाला पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "आजी, पाणी लाल आहे."

मग मलाही कळलं. वरच्या डोंगरात पाऊस पडून गेला होता. पाणी वाढत होतं.

फोनला रेंज नव्हती. मागं, वाटेत एक मासेमारांची वस्ती लागली होती. तिथं माणसं होती. पण तिथवर तोच चढ, तोच चिखल, तेच पडलेलं झाड.

"मी जाते," यशोधरा म्हणाली. "आजी, काळजी करू नको, मी हळू जाईन."

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडून ते निघालं. "हळू काहून? पळव गाडी! जेवढी पळते तेवढी पळव!"

ती गाडीकडं धावली. मग गेली. गाडीचा आवाज झाडांत शिरला, लहान झाला, बंद झाला. पोरगी पडली तर मला कळणारही नव्हतं. एक नातू पाण्यात, एक नात दगडांत, आणि दोघांपैकी एकालाही मी पुरी पडत नव्हते.

मी अश्वजीतच्या मागं पाण्यात बसले. त्याची पाठ माझ्या छातीशी घेतली. पदर त्याच्या छातीवरून फिरवला आणि माझ्या कमरेला गाठ मारली. वाहिलो तर दोघं.

"आजी," तो दात वाजवत म्हणाला, "तूने खाली बोला था ना?"

"मराठीत बोलले होते, गधड्या!"

"तो हिंदी में बोलती ना..."

"तुझ्या आजोबांनी वर्ध्याहून मराठी आणली होती, ती कुठं सांडली तुम्ही?"

तो हसायला गेला आणि रडायला लागला. पाणी छातीला लागलं.

"गाडी बह जाएगी, आजी."

"जाऊ दे."

"मेरी गाडी..."

"तिची आई मेली! तू गप्प बस, मान वर ठेव."

मी नाल्याला शिव्या दिल्या. डोंगराला दिल्या. सिमेंट टाकणाऱ्याला, ते न पाहणाऱ्याला, सगळ्यांना दिल्या. घरी माझा आवाज चढला की माणसं उठून कामाला लागतात. इथं कोणी हललं नाही. पाणी आपलं येतच राहिलं, एवढंसं, एवढंसं, घाई नाही काही. एक झाडाची फांदी आली, आम्हाला ओरखडून गेली. मग शिव्या संपल्या. मी नुसती त्याची हनुवटी धरून बसले.

दुरून इंजिनाचा आवाज आला!

"आली! ऐक, आली!"

आवाज जवळ आला, मग बाजूनं निघून गेला. धरणातली होडी होती, मोटारची. मी हाका मारल्या. घसा फाटला. होडीला काय ऐकू येतं?

पाणी अश्वजीतच्या गळ्याशी आलं. तो बोलायचा बंद झाला होता. मी त्याचं डोकं माझ्या खांद्यावर मागं टेकवलं, तोंड आभाळाकडं.

आणि मग पुन्हा तो आवाज. फट फट फट! या वेळी वरून, चढावरून. ज्या आवाजानं माझी डोकेदुखी व्हायची, तो आवाज! झुडपं फाडून गाडी बाहेर आली. यशोधरा पुढं, तिच्या मागं दोन माणसं कोंबलेली, एकाच्या हातात सब्बल, म्हणजे पहार, दुसऱ्याच्या खांद्यावर दोर. पोरीची एक बाही कोपरापासून फाटलेली, रक्त वाहत होतं. पडली होती तर! पडून उठली होती.

"अम्मा, हटो मत, ऐसे ही पकड़े रहो!" सब्बलवाला म्हणाला. त्याचं नाव शालिग्राम, ते मागाहून कळलं.

त्यानं सब्बल सिमेंटच्या फटीत घातली. दुसऱ्यानं दोर गाडीला बांधला आणि यशोधरेसोबत ओढला.

"जोर लगाओ!"

गाडी करकरली. हलली!

"खींच ले अम्मा, खींच!"

मी मागं पडले आणि अश्वजीत माझ्यावर. सुटला! पाय भलत्याच दिशेला वळला होता, पण पाय होता. दुसऱ्यानं दोर सोडला. गाडी एकदा उलटली, चाक वर करून दाखवलं आणि लाल पाण्यात गेली. अश्वजीतनं तिकडं पाहिलंसुद्धा नाही.

नाल्यापलीकडं भैंसाटेकरी तशीच बसली होती. यशोधरेनं तिच्याकडं एकदा पाहिलं.

"चल," मी म्हटलं. "म्हैस कुठं पळून नाही जात."

वस्तीवरची जीप अर्ध्या वाटेपर्यंत आली होती. तिच्यातली माणसं खाट घेऊन खाली आली, तिथवर अश्वजीतला खाटेवर नेलं. जीपच्या मागं तो आडवा, दोन जण त्याला धरून, पुढं ड्रायव्हर आणि शालिग्राम. माझ्यासाठी जागाच नव्हती. जीपमध्ये माझा नातू, आणि मला कोणी विचारलंही नाही, अम्मा बसता का!

मी पुन्हा यशोधरेच्या मागं चढले. मी माझे हात तिच्या पोटाशी गुंफले.

जंगल संपलं, डांबरी रस्ता लागला. पुढं जीप, मागं आम्ही. रस्ता मऊ, ऊन उतरतं, ओलं लुगडं वाऱ्यानं फडफडत सुकत होतं. पोरीनं वेग धरला. झाडं मागं पळू लागली, वारा तोंडात शिरला, पाळण्यात बसल्यासारखं झालं. पुढच्या जीपमध्ये माझा नातू कण्हत होता आणि मला मजा येत होती! लाज वाटली. लाज वाटली तरी मजा येतच होती. त्याला मी काय करू? पाणी आपलं ऐकत नाही तसंच हेही ऐकत नाही.

मग यशोधरेनं मान थोडी वळवली.

"आजी, तू म्हटलं होतं, सगळे साबूत परत. अश्वजीतचा पाय तर मोडला. म्हणजे लद्दाख गेलं ना माझं?"

आयुष्यभर मी निकाल दिले. सासऱ्यांसमोर दिले, गल्लीत दिले, उभ्या उभ्या दिले. या वेळी दोन्ही पारडी सारखीच जड. 'जा' म्हणावं तर तिचं ते रक्त दिसत होतं. 'नको जाऊ' म्हणावं तर तीच गाडी उतारावरून येताना दिसत होती.

"समोर पाह," मी म्हटलं.