सिंहाचा पाला

माणसाने बुद्धीला पटेल तेवढंच मानावं. हे तत्त्व मी जन्मभर पाळत आलो आहे. अपवाद दोनच: वर्तमानपत्रातलं राशिभविष्य आणि सासूबाईंनी बोटात घातलेला पुष्कराज.

रियाधच्या अल सुलै भागात एका चिनी कंपनीचं एसीचं गोदाम आहे. तिथला प्रशासकीय अधिकारी मी. म्हणजे चहा आणि सह्या. चिनी नववर्षाला आमच्या चेन साहेबांना सिंहनृत्य हवं होतं. नाचणाऱ्यांचे व्हिसा अडकले. सिंह मात्र कार्गोने वेळेवर पोचला. सिंहाला इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, लागत नाही.

लाल-सोनेरी अंग, झालरी, उघडमिट करणाऱ्या पापण्या. आत दोन माणसं शिरायची, एक डोक्याकडे, एक शेपटीकडे. डोळ्यांत रंगाचा ठिपका पडेपर्यंत सिंह झोपलेला असतो, असं चेन साहेबांनी समजावलं. ठिपका दिला की तो उठतो, नाचतो, टांगलेला पाला खातो आणि लोकांवर उधळतो. वर्ष भरभराटीचं जातं.

वेल्डर केरूने हात वर केला. हा गुहागरकडचा, शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी खांद्यावर नाचवणारा. यंदा पालखीचा मान त्याच्या घराकडे होता. तो पोचला नाही तर मान चुलत्यांकडे जाणार होता. रजेचा अर्ज मात्र परत आला होता.

"लायन अच्छा, केरू छुट्टी," चेन साहेब म्हणाले. "लायन खराब, छुट्टी खलास."

शेपटीसाठी केरूने फोर्कलिफ्टवाल्या नसरुद्दीनला धरलं.

नववर्षाच्या सकाळी मी गोदामात गेलो, तर केरू सिंहापुढे हात जोडून गाऱ्हाणं घालत होता. "बा म्हाराजा, परक्या मुलखात आलायस, आमी बी तसेच. मान राखून घे, लेकराला गावाला धाड. तुजा पाला तुला भरून देईन."

"केरूभाव, ह्याला मराठी कळतं होय?" नसरुद्दीन हसला.

"तुला कळतं तर त्याला का नाय? आणि तू 'व्हय म्हाराजा' म्हण की रे!"

"ते तुझं तू म्हण. मी फक्त पाय हलवणार."

"व्हय म्हाराजा," मीच म्हणालो. कोणीतरी म्हणायला हवं होतं.

सिंहाची झालर हलली. मी एसीकडे पाहिलं. विकायचे शेकडो एसी असलेल्या त्या गोदामात चालू एकही नव्हता.

बाहेर अंगणात पाहुणे जमले. कॅन्टीनमधलं सगळं लेट्यूस मी दोरीला टांगलं. चेन साहेब लाल रंगाचा ब्रश घेऊन उभे राहिले.

आणि ब्रश टेकायच्या आतच सिंह दारातून उडी मारून बाहेर आला.

काय नाचला! खोक्यांच्या थप्पीवर चढला, कान फडफडवले, सौदी पाहुण्यांच्या मुलांपुढे लोळला. फिलिपिनो शिट्ट्या मारत होते, पठाण ड्रायव्हर भांगडा करत होता, चेन साहेब ब्रश घेऊन सिंहामागे धावत होते. मोबाइलवरून लावायचं ठरलेला ढोल तर असा घुमत होता की माझेही पाय हलले. मी देशस्थ आहे. आमचे पाय हलत नाहीत.

"मस्त ना, साहेब?" शेजारून आवाज आला.

नसरुद्दीन होता.

"तू इथे? मग शेपटीत कोण?"

"शिरायला गेलो, तर आत पाय होते. म्हटलं, केरूने दुसरा माणूस घेतला."

ढोल शिमग्याचा वाजत होता.

मी वळून पाहिलं. एका रिकाम्या पिंपावर ढोल केरू वाजवत होता. डोळ्यांतून पाणी, तोंडभर हसू.

"केरू! मग डोक्याकडे कोण आहे?"

"पालखी जड झाली की कोण नाचवतं, इचारायचं नसतं, साहेब."

सिंहाने लेट्यूस तोंडात घेतलं.

चावलं.

उधळलं नाही.

नंतर सिंहाला पेटीत ठेवताना मिटलेल्या पापण्या उचलून पाहिल्या, तर डोळे कोरेच होते. आत पानाचा तुकडाही नाही.

चेन साहेब बेहद्द खूश. केरूला रजा मिळाली. पालखी त्याच्याच खांद्यावर नाचली. नसरुद्दीनने मला व्हिडिओ दाखवला. विमानतळावर केरूने माझा हात घट्ट धरला होता. "साहेब, मी येईपर्यंत त्याचा पाला चुकवू नका."

मी विज्ञानाचा पदवीधर आहे. रोज संध्याकाळी निघताना पेटीत एक ताट ठेवतो आणि कुलूप लावतो. सकाळी ताट रिकामं असतं.

कॅन्टीनच्या सॅलडमध्ये सध्या फक्त काकडी मिळते.